कल्याण ते खोडद : पल्सारांच्या मागावर

जुलैच्या मध्यावर गोंदिया जिल्ह्यात रोवणीची धांदल असते. बांध्यांत पाणी साचलेले असते, आभाळ दिवसरात्र भरलेले असते आणि तारे आठवडेच्या आठवडे नजरेस पडत नाहीत. नेमक्या याच दिवसांत, मध्यरात्रीच्या सुमारास, गोंदिया शहराच्या जवळजवळ थेट माथ्यावरून दोन विलक्षण वस्तू पुढे सरकतात. त्यातली एक म्हणजे १९६७ साली माणसाला सापडलेला पहिला पल्सार, म्हणजे नियमित ठोक्यांनी रेडिओ लहरी पाठवणारा तारा. दुसरी म्हणजे १९८२ साली सापडलेला पहिला मिलिसेकंद पल्सार, जो एका सेकंदात ६४२ वेळा स्वतःभोवती फिरतो. डिसेंबरात, धान कापून घरी आल्यावर, मध्यरात्री त्याच जागेवरून तिसरा जातो, तो वृषभ राशीतल्या क्रॅब तेजोमेघाच्या पोटातला पल्सार. इ. स. १०५४ मध्ये चिनी ज्योतिष्यांनी भर दिवसा पाहिलेल्या स्फोटाचा तो अवशेष आहे.

हा योगायोग साध्या गणिताचा आहे. गोंदियाचा अक्षांश आहे २१.४६. या तिन्ही पल्सारांचे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर २१.६ ते २२ अंशांच्या दरम्यान भरते. म्हणजे गोंदियाच्या माथ्यापासून ते फार तर पूर्ण चंद्राच्या रुंदीइतके, किंवा त्याहून किंचित जास्त, बाजूला असतात. गोंदियाहून बालाघाटच्या दिशेने वीसेक किलोमीटर गेले, तर मिलिसेकंद पल्सार अगदी नेमका डोक्यावर येतो. डोळ्यांना मात्र यातले काही दिसत नाही. दिसायचे असेल तर रेडिओ दुर्बीण हवी. तिला ढगांची अडचण नाही, दिवसाच्या उजेडाचीही नाही. गोंदियावरून गेलेले हेच आभाळ सुमारे २५ मिनिटांनी पुणे जिल्ह्यातल्या खोडदवर पोचते आणि तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या त्याची वाट पाहत असतात.

पल्सार शोधण्याचे काम महाराष्ट्रात कसे रुजले, ही गोष्ट खोडदच्या बरीच आधी सुरू होते. तिचे सगळ्यात लक्षात राहणारे टप्पे पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ज्यातून पुढचे काम उभे राहिले, ते सहज दुर्लक्षले किंवा टाकून दिले जाऊ शकले असते.

पहिला पल्सार सापडला तो कागदावरच्या एका ठिपक्यातून. इंग्लंडात केंब्रिजजवळ साडेचार एकरांत खांब रोवून, तारा ताणून एक रेडिओ दुर्बीण उभारली होती. ती उभारण्यासाठी हातात घण घेऊन राबलेल्यांत जोसेलिन बेल ही विद्यार्थिनीही होती. दुर्बीण सुरू झाल्यावर नोंदपत्राची जबाबदारी तिच्याकडे आली. रोज सुमारे ३० मीटर कागद बाहेर पडायचा आणि तो डोळ्यांनी तपासायचा. ऑगस्ट १९६७ मधल्या एका नोंदीत तिला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा एक खरखरीत डाग दिसला. तो नेहमीच्या ताऱ्यासारखा नव्हता आणि माणसाने केलेल्या गोंगाटासारखाही नव्हता. मोटारीची ठिणगी म्हणून तो सोडून देता आला असता. बेलने तसे केले नाही. आधीच्या कागदांत तिने तोच डाग शोधला, तेव्हा तो आकाशाच्या त्याच भागात पुन्हा दिसला. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात, माणसांची यंत्रे तसे करत नाहीत. हा डाग ताऱ्यांचे वेळापत्रक पाळत होता. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी वेगवान नोंदपत्रावर तो उलगडला, तेव्हा त्यातून दर १.३३७ सेकंदाला एक, असे अचूक अंतराचे ठोके बाहेर आले.

इतके नियमित ठोके पाठवणारी यंत्रणा निसर्गात असू शकते का, हा प्रश्न काही आठवडे त्या गटाला छळत होता. परग्रहावरच्या कुणाचा संदेश असावा, ही शक्यताही चेष्टेत आणि थोड्या धास्तीने बोलली गेली. डिसेंबरच्या २१ तारखेच्या रात्री बेलला आकाशाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात तसाच दुसरा स्रोत सापडला आणि ती शक्यता मागे पडली. फेब्रुवारी १९६८ मध्ये शोध प्रसिद्ध झाला. उत्तर न्यूट्रॉन ताऱ्यात होते. सूर्यापेक्षा पुष्कळ जड तारा आयुष्याच्या शेवटी कोसळतो आणि त्याचा गाभा दाबला जाऊन सूर्यापेक्षाही अधिक वस्तुमान साधारण २० किलोमीटरच्या गोळ्यात मावते. हा गोळा वेगाने फिरतो आणि त्याच्या चुंबकीय ध्रुवांपासून रेडिओ लहरींचे झोत निघतात. झोत पृथ्वीवरून गेला की एक ठोका ऐकू येतो. अशा ताऱ्यांची कल्पना वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्येच मांडली होती, पण ते कसे दिसतील हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. १९७४ च्या नोबेल पुरस्काराच्या यादीत मार्टिन राईल आणि बेलचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांची नावे होती, बेलचे नव्हते. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला आणि तिने ती सगळी रक्कम विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना दिली.

महाराष्ट्राची कथा पहिल्या पल्सारच्या शोधाच्या दोन वर्षे आधी, कल्याणला सुरू झालेली होती.

उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद जिल्ह्यातले गोविंद स्वरूप हे तरुण संशोधक १९५३ ते १९५५ या काळात ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्र शिकत होते. सिडनीजवळ पॉट्स हिल इथे सूर्याच्या अभ्यासासाठी ३२ छोट्या तबकड्यांची एक रांग उभी होती. प्रत्येक तबकडीचा व्यास सहा फूट. नवी, मोठी दुर्बीण येणार म्हणून ही रांग मोडीत निघणार होती. स्वरूप यांनी त्या तबकड्या भारतासाठी मागितल्या आणि त्या मिळाल्या. दिल्लीला राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत त्या पोचल्या खऱ्या, पण बरीच वर्षे तिथे तशाच राहिल्या. दरम्यान स्वरूप अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले.

१९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चौघा भारतीयांनी, म्हणजे स्वरूप, मुकुल कुंडू, टी. के. मेनन आणि टी. कृष्णन यांनी, भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा करण्याची तयारी पत्राने कळवली. हे पत्र ज्यांच्याकडे गेले त्यांत होमी भाभा होते. भाभांनी लांबलचक समित्या नेमल्या नाहीत, त्यांनी होकार कळवला. १९६३ मध्ये स्वरूप भाभांच्या, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. दिल्लीतल्या तबकड्यांना आता घर मिळाले. १९६५ मध्ये कल्याणजवळ त्यांची रांग उभी राहिली आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याच्या नोंदी सुरू झाल्या. मुंबईच्या लोकलने आज कल्याणला उतरणाऱ्या लाखो लोकांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असेल, की आधुनिक भारतीय रेडिओ खगोलशास्त्राची पहिली शाळा त्यांच्याच परिसरात भरली होती. विद्यार्थी तिथे रिसीव्हर स्वतः बांधायला शिकले. पुढच्या दोन्ही मोठ्या दुर्बिणी ज्यांनी उभारल्या, त्यांपैकी अनेकांचे हात कल्याणला तयार झालेले होते.

पहिली मोठी दुर्बीण १९७० मध्ये उटीला झाली. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा तो पन्हाळीच्या आकाराचा परावर्तक आहे. तो डोंगराच्या अशा उतारावर बसवला, की उताराचा कोन त्या जागेच्या अक्षांशाएवढा, साधारण ११ अंश, भरला. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एका दिशेने फिरवून तिला एखादा तारा तासन्‌तास धरून ठेवता येऊ लागला. जागा नीट निवडून यंत्रातली गुंतागुंत वाचवायची, ही स्वरूप यांची खास रीत होती. ती खोडदला पुन्हा दिसली.

पण खोडदच्या आधी एक गोष्ट घडली, जिचा धागा कोल्हापूर जिल्ह्यापर्यंत जातो. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ मध्ये कुरुंदवाडचा. बालपण हुबळीला गेले, पुढे दिल्लीच्या आयआयटीतून ते अमेरिकेत बर्कलीला पोचले. तिथले डोनाल्ड बॅकर आकाशातल्या एका जुन्या रेडिओ स्रोताने हैराण झाले होते. त्याच्या लहरी सूर्याजवळच्या वायूतून येताना ताऱ्यासारख्या लुकलुकत, म्हणजे तो आकाराने अगदी लहान असला पाहिजे. शिवाय जितकी वारंवारता कमी तितका तो अधिक प्रखर होई, आणि हे पल्सारचे लक्षण. तरी त्यात ठोके सापडत नव्हते. आधीचे शोध इतक्या जलद ठोक्यांसाठी रचलेलेच नव्हते. १९८२ च्या शरदात कुलकर्णी हे तेव्हाचे विद्यार्थी पोर्तो रिकोतल्या आरेसिबो इथल्या ३०५ मीटरच्या दुर्बिणीवर गेले आणि ठोके सापडले. त्यांच्यातले अंतर होते १.५६ मिलिसेकंद.

एवढ्या वेगाने फिरणारा तारा तुटून का जात नाही, इथपासून चर्चा सुरू झाली. म्हातारा, मंदावलेला पल्सार शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो आणि त्या ओघाने पुन्हा वेग पकडतो, हे स्पष्टीकरण पुढे मान्य झाले. जुलैत गोंदियाच्या माथ्यावरून जाणारा दुसरा पल्सार तो हाच. पल्सार शोधणाऱ्यांना यातून एक व्यावहारिक धडा मिळाला. नोंदी अधिक बारीक कालमापनाने घ्यायच्या, आणि जोडीदाराभोवती फिरणारे पल्सार शोधण्याची वेगळी तयारी ठेवायची.

ही तयारी ठेवूनच १९८० च्या दशकात स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीटर लांबीच्या लहरींसाठी एका महाकाय दुर्बिणीचा आराखडा केला. तिचे नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, सगळ्यांच्या तोंडी जीएमआरटी. जागेचा शोध घेताना अटी बऱ्याच होत्या. माणसांचा रेडिओ गोंगाट कमी हवा, पण रस्ते आणि उद्योग फार लांब नकोत. दक्षिणेकडचे आकाश दिसले पाहिजे, पण चुंबकीय विषुववृत्ताजवळ वरच्या वातावरणात जी अस्थिरता असते ती टळली पाहिजे. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळचे खोडद या अटींत बसले. भोवताली डोंगर आहेत आणि ते शहरांकडून येणाऱ्या लहरी अडवतात.

तबकडीचा खर्च हा खरा पेच होता. ४५ मीटर व्यासाची भरीव तबकडी वाऱ्याचा जबरदस्त जोर घेते, मग तिला पेलणारा सांगाडाही तितकाच वजनदार लागतो आणि खर्च आवाक्याबाहेर जातो. मीटरभर लांबीच्या लहरीला भरीव पत्रा लागत नाही, हे स्वरूप यांनी पुरेपूर वापरले. पोलादी दोर ताणून त्यांच्यावर फक्त ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी बसवली. जाळीची छिद्रे मध्यभागी १० मिलिमीटर आणि कडेला २० मिलिमीटर. वारा जाळीतून निघून जातो, लहर मात्र परावर्तित होते. अशा ३० तबकड्या उभ्या राहिल्या. १४ तबकड्या खोडदच्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यभागात, आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या इंग्रजी वाय आकाराच्या भुजांवर, आसपासच्या गावांच्या शिवारांत. दोन टोकांच्या तबकड्यांतले अंतर २५ किलोमीटर भरते. ऊस, द्राक्षे आणि टोमॅटोच्या मळ्यांच्या मधोमध एकदम एक पांढुरका जाळीदार वाडगा आभाळाकडे तोंड करून उभा दिसतो, तो याच रांगेतला. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली आणि पुढच्या वर्षापासून जगभरच्या संशोधकांना खुली झाली. तिचा कारभार पुण्यातले राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पाहते.

पल्सारचा शोध म्हणजे दुर्बिणीला डोळा लावून बसणे नव्हे. आकाशाच्या एका ठिपक्याकडे तबकड्या रोखायच्या आणि येणारी लहर अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त वेळ, शेकडो बारीक वारंवारतांमध्ये विभागून सेकंदाच्या हजारो भागांत नोंदवत राहायची. खरे काम नंतर सुरू होते.

पहिली अडचण ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेची. ती रिकामी नसते, तिथे विरळ इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यामुळे कमी वारंवारतेची लहर मागे पडते. पुढे येणाऱ्या एनजीसी १८५१ या तारकागुच्छाचे उदाहरण घेतले, तर ५०० मेगाहर्ट्झवर आलेला ठोका ३०० मेगाहर्ट्झवर सुमारे दीड सेकंद उशिरा पोचतो. तिथला एक पल्सार तेवढ्या वेळात तीनशे वेळा फिरून झालेला असतो. ही दिरंगाई दुरुस्त केल्याशिवाय ठोके एकमेकांत मिसळून नाहीसे होतात. नव्या पल्सारसाठी दिरंगाई किती हे आधी माहीत नसते. म्हणून शेकडो किंवा हजारो वेगवेगळे अंदाज घेऊन तीच नोंद पुन्हा पुन्हा दुरुस्त करायची आणि प्रत्येक वेळी गणिताने तिच्यात आवर्तन शोधायचे. तारा जोडीदाराभोवती फिरत असेल तर तो आपल्याकडे येताना ठोके जवळ येतात, लांब जाताना विरळ होतात. मग आवर्तन पुसट होते आणि गणित आणखी कैक पटींनी वाढते. खोडदच्या आवारात संगणकांचे ताफे आहेत ते यासाठी.

दुसरी अडचण माणसांची. विजेच्या तारांवरची ठिणगी, मोबाइलचा टॉवर, विमान, उपग्रह, सगळे आवर्ती संकेत पाठवतात. भारतातला वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तने पुरी करतो, म्हणून २० मिलिसेकंदांचा किंवा १० मिलिसेकंदांचा ‘पल्सार’ जवळपास रोज सापडतो. एका रात्रीच्या नोंदीतून असे हजारो उमेदवार निघतात. आता यंत्रशिक्षणाची मदत घेतली जाते, पण शेवटचा निवाडा कुणीतरी माणूस आलेख पाहूनच करतो. ठोका सगळ्या वारंवारतांत आहे का, सगळ्या वेळात टिकतो का, दिरंगाईचा अंदाज थोडा हलवला की मावळतो का, हे पाहिले जाते. शंका असली तर पुन्हा दुर्बिणीची वेळ मागून तीच जागा तपासायची. पल्सार असेल तर तो पुन्हा येतो. बेलने कागदावर जी कसोटी लावली होती, तीच आजही लागते.

या पद्धतीने खोडदला जो पहिला पल्सार गवसला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पहिलाच शोध असामान्य निघाला. पाउलो फ्रेरे, यशवंत गुप्ता, स्कॉट रॅन्सम आणि सी. एच. ईश्वर-चंद्र हे चौघे गोलाकार तारकागुच्छ तपासत होते. अशा गुच्छांत लाखो म्हातारे तारे इतक्या दाटीने असतात, की त्यांच्या जोड्या जुळतात आणि मोडतात. कपोत तारकासमूहातल्या एनजीसी १८५१ या गुच्छात, ३२७ मेगाहर्ट्झवर, त्यांना ४.९९ मिलिसेकंदांचे ठोके मिळाले.

हा गुच्छ गोंदियाहून कुठे आहे, हे सांगणे सोपे आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. मृग नक्षत्र समोर उंच असते. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी मध्य भारतातल्या गोंड समाजाच्या आकाशज्ञानाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात याच नक्षत्रात पाहिल्या जाणाऱ्या नांगराची नोंद आहे. वाहिया हेही तेव्हा टाटा संस्थेचेच संशोधक होते. मृगाच्या पायाशी निळसर पांढरा तेजस्वी राजन्य आहे. राजन्यापासून सरळ दक्षिण क्षितिजाकडे ३२ अंश खाली यावे, क्षितिजापासून २८ अंशांवर थांबावे. गुच्छ तिथे आहे. तो सुमारे ४० हजार प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणून डोळ्यांना जागा रिकामी वाटते.

तिथल्या या पल्सारची कक्षा सगळ्यांना चक्रावून गेली. मिलिसेकंद पल्सारांच्या कक्षा सहसा जवळजवळ वर्तुळाकार असतात, कारण वेग देणाऱ्या जोडीदाराने ओघ देता देता कक्षा गोल करून टाकलेली असते. हा मात्र १८.८ दिवसांत अतिशय लांबट कक्षेत फिरत होता, आणि त्याचा जोडीदार वेग देणाऱ्या हलक्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जड होता. अर्थ एकच निघत होता. ज्याने वेग दिला तो जोडीदार आता इथे नाही. गुच्छाच्या गर्दीत एक जड तारा जवळ आला, त्याने जुन्या जोडीदाराला हाकलले आणि त्याची जागा घेतली. ही अदलाबदल घडत असावी असे सिद्धांत सांगत होता, पण इतका स्वच्छ पुरावा हातात नव्हता. पुढे २०१९ मध्ये, सुधारित जीएमआरटीच्या नोंदींवरून, दोघांची वस्तुमाने स्वतंत्रपणे मोजली गेली: पल्सार सूर्याच्या १.२५ पट, जोडीदार १.२२ पट.

२००९ मध्ये भालचंद्र जोशी आणि सहकाऱ्यांनी ६१० मेगाहर्ट्झच्या सर्वेक्षणातून आणखी तीन पल्सार जाहीर केले. मग दिशा दाखवायला एक नवा वाटाड्या आला. २००८ मध्ये अवकाशात गेलेल्या फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचे शेकडो स्रोत दिसले, पण त्यातले बरेच काय आहेत ते कळत नव्हते. त्या जागांकडे खोडदच्या तबकड्या वळवून भास्वती भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी मिलिसेकंद पल्सार शोधून काढले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यातला एक २.१६ मिलिसेकंदांत एक गिरकी घेतो आणि तीन तासांहूनही कमी वेळात जोडीदारासह एक फेरी पुरी करतो. त्याच्या तीव्र किरणोत्सर्गाने जोडीदार हळूहळू उडून चालला आहे, आणि उडालेला वायू मध्ये आला की पल्सार काही काळ झाकला जातो.

इथे जीएमआरटीच्या रचनेचा मोठा फायदा दिसला. एकाच मोठ्या तबकडीला पल्सार सापडला तर त्याची जागा ढोबळच कळते, आणि नेमकी करण्यासाठी कित्येक महिने ठोके मोजत बसावे लागते. खोडदच्या ३० तबकड्या मिळून प्रतिमाही काढतात. जयंत रॉय आणि भट्टाचार्य यांनी ठोका असतानाची आणि नसतानाची प्रतिमा वेगळी काढण्याची पद्धत वापरली. दोन प्रतिमांची वजाबाकी केली की आकाशात फक्त पल्सारच उरतो आणि जागा नेमकी हाती येते. याच गटाने दक्षिणेकडच्या, विषुववृत्तापासून ४० ते ५४ अंश खालच्या, आकाशाच्या पट्ट्याचे सर्वेक्षण चालवले. हा भाग खोडदहून क्षितिजाजवळ, १७ ते ३१ अंशांच्या उंचीवरच दिसतो. त्यातून वीसहून अधिक पल्सार निघाले आहेत.

सगळ्या जगाचे मिळून आज साडेतीन हजारांहून अधिक पल्सार माहीत आहेत. चीनमधल्या ५०० मीटरच्या फास्ट दुर्बिणीने एकटीने त्यात प्रचंड भर घातली. संख्येच्या शर्यतीत खोडद तिच्या मागे आहे. कमी वारंवारतेवर बारकाईने काम करण्यात मात्र खोडदच्या दुर्बिणीला तोड फार थोडी आहे.

त्यासाठीच २०१० च्या दशकात दुर्बिणीचे रिसीव्हर आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बदलण्यात आली. पूर्वी ती ठरावीक अरुंद पट्ट्यांतच ऐकू शकत असे. आता जवळजवळ सलग १२० ते १४६० मेगाहर्ट्झ ऐकू येतात आणि एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा घेता येतो. पट्टा रुंदावला तसा गोंगाटही वाढला. पुणे–नाशिक अतिजलद रेल्वेचा आधीचा आराखडा नारायणगावच्या बाजूने जाणारा होता. दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल या कारणाने मार्ग बदलण्याची भूमिका केंद्र सरकारने घेतली आणि जुन्नर, आंबेगाव भागात तिच्यावर नाराजी उमटली. रेल्वे हवी असणे रास्त आहे, आणि दुर्बीण पुन्हा दुसरीकडे उभी करता येत नाही हेही खरे आहे. याच गावांनी तबकड्यांना आपल्या शिवारात जागा दिली. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञानदिनी, खोडदचे दरवाजे उघडतात तेव्हा शाळांच्या सहली आणि आसपासची कुटुंबे हजारोंच्या संख्येने आत येतात, विद्यार्थी आपले प्रयोग मांडून बसतात.

नवे पल्सार शोधायचे कशाला, याचे एक उत्तर २९ जून २०२३ रोजी मिळाले. काही मिलिसेकंद पल्सारांचे ठोके इतके स्थिर असतात, की वर्षानुवर्षे मोजत राहिले तर पृथ्वी आणि तारा यांच्यामधल्या अवकाशाचा ताण त्यांत उमटतो. युरोपीय गटाच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदींना भारतीय गटाने खोडदच्या नोंदी जोडल्या आणि २५ पल्सारांच्या ठोक्यांत अतिसंथ गुरुत्वीय लहरींच्या खुणा दिसल्याचे त्या दिवशी जाहीर झाले. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या गटांनीही त्याच सुमारास आपापले निष्कर्ष मांडले. या लहरी बहुधा आकाशगंगांच्या केंद्रांतल्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांपासून येतात. त्यांच्या एका आंदोलनाला वर्षे लागतात. ताऱ्यांमधल्या इलेक्ट्रॉनांनी केलेली दिरंगाई काटेकोर मोजून वजा करणे हे त्यातले सगळ्यात किचकट काम, आणि ते कमी वारंवारतेवरच नीट होते. खोडदचा वाटा तो होता.

एनजीसी १८५१ ची गोष्टही २००४ ला थांबली नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीने २०२२ मध्ये त्याच गुच्छात आणखी १३ पल्सार शोधले. तोवर तिथे खोडदला सापडलेला तो एकच माहीत होता. नव्यांपैकी एकाचा जोडीदार अजब आहे. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार त्याचे वस्तुमान सूर्याच्या २.०९ ते २.७१ पट आहे. एवढा जड न्यूट्रॉन तारा निश्चितपणे माहीत नाही आणि एवढे हलके कृष्णविवरही नाही. इथेही जुना जोडीदार गेला आणि नवा आला, असेच कक्षा सांगते. त्या संशोधनाच्या लेखकांत पाउलो फ्रेरे आहेत आणि अरुणिमा दत्ता ही भारतीय संशोधकही आहे. हा जोडीदार म्हणजे दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळून उरलेला गोळा असावा, असा त्यांचा अंदाज आहे. तो कृष्णविवर निघाला, तर कृष्णविवराभोवती फिरणारा पल्सार पहिल्यांदाच माणसाच्या हाती लागेल आणि आइन्स्टाइनच्या सिद्धांताच्या आजवर न झालेल्या चाचण्या त्याच्या ठोक्यांवर घेता येतील.